वाढीव टॉर्क आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: धुळ्याच्या वर्कशॉपमधलं एक प्रकरण

गाडी 2017 ची फॉर्च्युनर. 2.8 लिटर डिझेल, फोर बाय फोर, सहा गिअरची ऑटोमॅटिक, काटा दीड लाख किलोमीटरच्या थोडा अलीकडे. मालक शिंदखेडा तालुक्यातले जिनिंगवाले. वर्कशॉपमध्ये सगळे त्यांना नाना म्हणतात. तक्रार त्यांनी एका वाक्यात सांगितली: "भाऊ, रेस दिधी की इंजिन वरडस, पन गाडी सरकत नही."

खोदून विचारल्यावर त्या एका वाक्यातून तीन वेगळ्या तक्रारी निघाल्या. सुरत रस्त्यावर ओव्हरटेक करताना चौथा गिअर पडायच्या क्षणी आरपीएमचा काटा उगाच उसळायचा आणि मग गिअर धरायचा. सत्तर-ऐंशीच्या वेगात, पाय हलका असताना, दीड-दोन सेकंद गाडीभर थरथर यायची. आणि मे महिन्यात सात माणसं घेऊन शहाद्याहून तोरणमाळला चढताना सातपायरी घाटात गिअरबॉक्सचं ऑइल तापल्याची सूचना डॅशबोर्डवर आली. एका ठिकाणी त्यांना अख्खा गिअरबॉक्स बदला असं सांगितलं होतं. तो आकडा ऐकून नाना आमच्याकडे आले.

गाडीचा पिकअप मात्र जरा जास्तच चांगला होता, आणि तिथेच शंका आली. बॉनेट उघडून कॉमन रेलच्या (इंजेक्टरांना दाबाने डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या) प्रेशर सेन्सरची वायर मागे मागे शोधत गेलो, तर बॅटरीच्या खाली टेपने गुंडाळलेला ट्यूनिंग बॉक्स. नानांच्या पुतण्याने ऑनलाइन मागवून स्वतः बसवलेला. नानांना पत्ताच नव्हता. जाहिरातीत चाळीस अश्वशक्ती आणि शंभर न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, एवढी वाढ लिहिलेली होती, असं पुतण्या म्हणाला. कंपनीने ही गाडी 177 पीएस आणि ऑटोमॅटिकला 450 न्यूटन मीटर देऊन विकली होती. जाहिरात अर्धी खरी धरली तरी टॉर्क पाचशेच्या घरात जातो.

हा बॉक्स काय करतो ते आधी समजून घ्यायला हवं, कारण सगळं प्रकरण त्याच्यावर फिरतं. रेलमध्ये खरा दाब जेवढा असतो त्यापेक्षा कमी दाब आहे असं तो इंजिनच्या कॉम्प्युटरला दाखवतो. कॉम्प्युटर दाब वाढवतो. इंजेक्टर उघडा राहण्याची वेळ तीच, दाब जास्त, म्हणून डिझेल जास्त पडतं आणि टॉर्क वाढतो. पण कॉम्प्युटरच्या हिशेबात हे वाढीव डिझेल कुठेच नसतं. त्याच्या वहीत इंजिन अजून 450 च देतंय. आजच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये क्लच प्लेटा (गिअर धरून ठेवणाऱ्या चकत्या) किती दाबाने आवळायच्या, हे त्या वहीतल्या आकड्यावर ठरतं. इंजिन 520 ओढतंय आणि प्लेटा 450 च्या हिशेबाने आवळल्यात, तर घसरण होणारच.

एवढं आम्हाला तर्काने माहीत होतं. ते मोजून दाखवणं गरजेचं होतं. गिअरबॉक्सच्या बाजूला लाइन प्रेशर, म्हणजे प्लेटा आवळणारा ऑइलचा दाब, मोजायचं छिद्र असतं, तिथे गेज लावला. ब्रेक घट्ट दाबून, चाकांना ओंडके लावून, डी मध्ये पाच सेकंदांच्या आत रेस देऊन पाहिलं. आधी बॉक्स जोडून, मग काढून. इंजिनचा जोर बदलला होता हे स्टॉल आरपीएमवरून, म्हणजे गाडी जागेवर धरून इंजिन जास्तीत जास्त किती फिरतं त्यावरून, उघड दिसत होतं. गेजवरचा दाब मात्र दोन्ही वेळा सारखाच.

स्टॉल टेस्टबद्दल एक सांगून ठेवतो, कारण आपल्याकडचे बरेच मिस्तरी इथे फसतात. स्टॉल आरपीएम पुस्तकातल्यापेक्षा जास्त आला की 'क्लच घसरतोय' असा निकाल देऊन टाकतात. इंजिन ट्यून केलेलं असेल तर स्टॉल आरपीएम आपोआप वाढतो, क्लच कितीही धडधाकट असो. अशा वेळी स्कॅनरवर टर्बाइनचा वेग बघावा. इंजिनचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सकडे पोचवतो तो टॉर्क कन्व्हर्टर, आणि त्याचं गिअरबॉक्सकडचं चाक म्हणजे टर्बाइन. गाडी जागेवर धरलेली असताना टर्बाइन शून्यावर उभं राहिलं पाहिजे. ते फिरायला लागलं, तरच आतला क्लच सुटतोय. नानांच्या गाडीत टर्बाइन शून्यावर होतं, म्हणजे खालच्या गिअरचा क्लच पकडून होता. रोग वरच्या गिअरांत आणि कन्व्हर्टरमध्ये होता.

थरथरीची खातरजमा त्याहून सोपी. थरथर चालू असताना ॲक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करायचा. ब्रेकचा स्विच लागला की लॉक-अप क्लच, म्हणजे कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर दोष टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अपमध्ये. चालूच राहिली तर इंजिन, माउंटिंग, प्रॉपेलर शाफ्ट बघा. इथे लगेच थांबली.

आता उष्णतेकडे येऊ, कारण आमच्या भागात अर्धा निकाल तिथे लागतो. धुळे-जळगावचा मे महिना म्हणजे सावलीत 43-44 अंश. भुसावळकडे त्याहून वर. स्कॅनरवर दोन तापमानं दिसतात, एक पॅनमधल्या ऑइलचं आणि एक कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या ऑइलचं. दुसरं बघा. लळिंग घाटातून मालेगावच्या दिशेने, एसी चालू ठेवून गाडी नेली, तर चढावर ते 128 पर्यंत गेलं. यात आश्चर्य नाही. चढावर हळू चालताना लॉक-अप उघडा असतो, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये फक्त घुसळलं जाणारं ऑइल असतं, आणि घुसळलेलं ऑइल तापतंच. कन्व्हर्टर टॉर्क जवळजवळ दुप्पट करून देतो, त्याची ही किंमत आहे.

मला खटकलं ते सपाट रस्त्यावरचं तापमान. शंभरच्या वेगात, लॉक-अप लागलेला असताना, ऑइल 108 वर. स्कॅनरवर इंजिनचा वेग आणि टर्बाइनचा वेग शेजारी लावले, तर जोर देताना दोघांत दीडशे ते दोनशे आरपीएमचा फरक. लॉक-अप लागला की हा फरक जवळपास नाहीसा व्हायला हवा. काही परिस्थितींत कंपनी मुद्दाम थोडी घसरण ठेवते, पण ती पन्नासच्या आसपास. घसरणीतली उष्णता काढायचा हिशेब साधा आहे: टॉर्क गुणिले घसरणीचा वेग. इंजिन 400 न्यूटन मीटर देतंय आणि 200 आरपीएम घसरतंय, तर होतात सुमारे 8.4 किलोवॉट. म्हणजे दोन किलोवॉटचे चार गिझर एका पातळ गोल पट्टीवर एकदम चालू केल्यासारखं. घाटातली उष्णता घाट संपला की संपते. ही मात्र गाडी चालते आहे तोवर चालू असते, आणि ड्रायव्हरला तिचा पत्ता नसतो.

ऑइल काढलं तेव्हा लाल रंगाचा मागमूस नव्हता. गडद तपकिरी, आणि वास जळक्या कागदासारखा, कारण प्लेटांवरचा थर खरोखर कागदी तंतूंचाच असतो. पॅनमधल्या चुंबकांवर करड्या लोखंडी भुकटीचा लगदा होता, तो दीड लाखाच्या गाडीत असायचाच. चमकणारे तुकडे नव्हते, म्हणजे बेअरिंगं आणि गिअरचे दाते शाबूत. पण तळाशी बोटाला लागणारी काळी पूड होती.

गिअरबॉक्स उतरवण्याआधी एक काम केलं, ज्याला जवळपास खर्च नाही. नानांची गाडी जिनच्या आवारात उभी असते. कापसाच्या हंगामात तिथल्या हवेत रुईचे तंतू तरंगतात. पुढचा बंपर काढला तर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत रुई आणि धुळीचा बोटभर जाड थर, ऑइलच्या ओलीने चिकटून नमद्यासारखा झालेला. बाहेरून बघितलं तर जाळी स्वच्छ. हे नीट धुऊन काढल्यावर तोच घाट, तशाच उन्हात, सात-आठ अंश खाली आला. कापूसपट्ट्यात गाडी तापण्याची तक्रार आली की मी आता आधी इथे बघायला सांगतो, मग स्कॅनर.

उघडल्यावर दिसलं ते अपेक्षेप्रमाणेच. वरच्या गिअरांत लागणाऱ्या क्लच पॅकच्या प्लेटा काळ्या पडून काचेसारख्या गुळगुळीत, आतल्या कडेला थर सुटलेला, आणि मधल्या पोलादी प्लेटांवर निळे डाग. पहिल्या-दुसऱ्या गिअरचा पॅक मात्र नव्याच्या जवळ जाणारा. पंप चांगला. वॉल्व्ह बॉडीत (ऑइल कुठे, किती दाबाने जाईल ते ठरवणाऱ्या भागात) लॉक-अपच्या वॉल्व्हचा बोअर थोडा झिजलेला. कन्व्हर्टर लेथवर कापल्यावर लॉक-अपची पट्टी अर्ध्या भागात धातूपर्यंत गेलेली.

आता मुख्य प्रश्न. नानांना गाडीची वाढलेली ताकद आवडली होती. सुरतला जाताना कोंडाईबारी घाटात ट्रकांच्या मागून सुटायला ती उपयोगी पडते असं त्यांचं म्हणणं, आणि ते चुकीचंही नाही. मग गिअरबॉक्स नुसता दुरुस्त करायचा की वाढीव टॉर्क झेपेल असा करायचा?

'हेवी प्लेटा टाका' ही मागणी गिऱ्हाईक सगळ्यात आधी करतं. माझ्या मते प्लेटांचा नंबर शेवटचा. क्लच किती टॉर्क धरेल हे चार गोष्टींवर ठरतं: घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या, त्यांचं घर्षण, आवळणारा जोर आणि प्लेटांची सरासरी त्रिज्या. त्रिज्या ड्रमने, म्हणजे प्लेटा बसतात त्या डब्याने, ठरवलेली, ती बदलत नाही. आवळणारा जोर ऑइलच्या दाबातून येतो, आणि दाब टॉर्कच्या त्या वहीतून. म्हणून पहिलं काम वही खरी करणं. ट्यूनिंग बॉक्स काढून फेकला. गाडी नाशिकच्या एका ट्यूनरकडे पाठवायचं ठरलं, ज्याच्याकडे डायनो (गाडीची ताकद मोजायचं यंत्र) आहे आणि जो कॉम्प्युटरमधला टॉर्कचा हिशेबही बदलतो, नुसता डिझेलचा नाही. त्याला तीन अटी लिहून दिल्या. टॉर्क 500 च्या वर जायचा नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरमधली मर्यादा कंपनीचीच ठेवायची. आणि गिअर बदलताना गिअरबॉक्स इंजिनला क्षणभर जोर कमी करायला सांगतो, त्या विनंतीला हात लावायचा नाही.

पाचशे हा आकडा हवेतून आलेला नव्हता. 2021 साली आलेल्या फेसलिफ्टमध्ये कंपनीने स्वतः याच 2.8 इंजिनाला ऑटोमॅटिकमध्ये 204 पीएस आणि 500 न्यूटन मीटर दिले, गिअर सहाच ठेवून. मॅन्युअलला मात्र 420 वरच ठेवलं. याचा अर्थ जुन्या गिअरबॉक्समधला प्रत्येक भाग नव्यासारखाच आहे असा कोणी घेऊ नये. पण या बांधणीला कुठवर नेता येतं याचा अंदाज त्यावरून येतो.

दुसरं काम कन्व्हर्टर. यात दोन रस्ते होते. परदेशात, खासकरून ऑस्ट्रेलियात, जिथे लोक या जातीच्या गाड्यांमागे कॅराव्हॅन ओढतात, तिथे एकाऐवजी अनेक चकत्यांचा लॉक-अप असलेले कन्व्हर्टर बसवायची पद्धत आहे. वस्तू उत्तम, पण आयात करून इथे पडेपर्यंत किंमत कुठल्या कुठे जाते, आणि 500 च्या आत राहायचं ठरल्यावर तिची गरजही उरत नाही. आम्ही आहे तोच कन्व्हर्टर पुन्हा बांधून घेतला: आतून साफ, लॉक-अपला जास्त उष्णता सोसणारी नवी पट्टी, पुन्हा वेल्डिंग, मग रनआउट (फिरताना किती डुलतो ते), बॅलन्सिंग आणि गळतीची तपासणी. हे काम गल्लीतल्या लेथवर करून घेऊ नये. कन्व्हर्टर किंचित वाकडा बसला तरी पंपाचं सील आणि बुश घेऊन जातो.

प्लेटांच्या बाबतीत एक मोह असतो. पोलादी प्लेटा पातळ वापरल्या की त्याच ड्रममध्ये एक जादा घर्षण प्लेट मावते, आणि कागदावर क्षमता वाढते. मी ते केलं नाही. गिअर पडताना होणारी उष्णता त्या क्षणी पोलादी प्लेटच पोटात घेते, ऑइल तिला नंतर गार करतं. पोलाद पातळ केलं तर ती जागाच कमी होते. ड्रॅग रेसच्या गाडीला चालेल. 44 अंशांत घाट चढणाऱ्या सात सीटरला नको. प्लेटांची संख्या तीच ठेवून थर जास्त चांगल्या दर्जाचा घेतला, पोलादी प्लेटा सगळ्या नव्या, आणि पॅकची फट कंपनीच्या मर्यादेत घट्ट बाजूला ठेवली. नव्या प्लेटा बसवण्याआधी ताज्या ऑइलमध्ये भिजत घालाव्या लागतात. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेरीत जळतात.

वॉल्व्ह बॉडीत झिजलेला बोअर दुरुस्त केला आणि दाब नियंत्रित करणाऱ्या वॉल्व्हची स्प्रिंग किंचित कडक घातली. किंचितच. दाब भरमसाट वाढवला की गिअर दणकन पडतात, गिऱ्हाईकाला ते 'स्पोर्टी' वाटतं, आणि तो दणका प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटांवर आणि डिफरन्शियलवर जातो.

तिसरं काम कूलर. कंपनीचा कूलर रेडिएटरच्या टाकीत असतो, आणि तिथलं पाणीच नव्वदच्या आसपास असतं. ऑइल त्याच्या खाली जाणार कसं? म्हणून त्याच्यापुढे हवेवर गार होणारा प्लेटांचा वेगळा कूलर थर्मोस्टॅटसकट जोडला. आधी रेडिएटर, मग हवा, असा क्रम. जागा बंपरच्या वरच्या बाजूला, कारण रुई आणि धूळ खालच्या भागात जास्त साचते. आधीच्या जळक्या पुडीसाठी सगळ्या नळ्या आणि जुना कूलर उलट-सुलट धुऊन घेतला. हे न करता नवा गिअरबॉक्स जोडणारे लोक जुनी घाण नव्या प्लेटांना भरवतात.

ऑइल कंपनीच्या डब्ल्यूएस स्पेसिफिकेशनचंच. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही; खालच्या ओव्हरफ्लो प्लगमधून पातळी ठरवतात, आणि तीही ऑइल साधारण 35 ते 45 अंशांच्या मध्ये असताना. मे महिन्यात धुळ्यात दुपारी नुसती उभी असलेली गाडीच त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला असते. इंजिन चालू करून सगळ्या गिअरांतून फिरवेपर्यंत ऑइल पुढे निघून जातं, फुगतं, आणि प्लगमधून जास्तीचं वाहून जातं. भरलं असं वाटतं. गार झाल्यावर कमी पडतं. म्हणून हे काम आमच्याकडे उन्हाळ्यात पहाटे होतं.

जुळणी झाल्यावर कॉम्प्युटरमधली शिकलेली मूल्यं पुसून टाकली, कारण ती घसरणाऱ्या प्लेटांवर शिकलेली होती. नंतर पाचशे किलोमीटर हलक्या पायाने, आणि मगच नाशिक. डायनोवर आकडा पाचशेच्या जरा आत आला.

त्यानंतर त्याच लळिंग घाटात, एसी चालू, सात माणसांच्या वजनाइतकी पोती भरून: 106. सपाट रस्त्यावर शंभरच्या वेगात 88, आणि लॉक-अपमधली घसरण नगण्य. तोरणमाळला नाना स्वतः जाऊन आले. सूचना आली नाही. त्यांना एवढंच सांगितलं होतं की वळणावळणाच्या चढावर गाडीला स्वतः गिअर शोधू देऊ नका. एस मध्ये, म्हणजे हाताने गिअर निवडायच्या जागी, टाकून दुसरा किंवा तिसरा धरून ठेवा. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर रेटत राहिलं की कन्व्हर्टर घुसळत बसतो.

खर्च त्यांना सांगितलेल्या नव्या गिअरबॉक्सच्या निम्म्याहून कमी झाला. पण पैशांपलीकडचा एक भाग आहे, तो आम्ही काम हातात घेण्याआधीच नानांपुढे ठेवला होता. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाबद्दल मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कूलर, प्लेटा, कन्व्हर्टरची दुरुस्ती ही गाडीची काळजी म्हणता येईल. इंजिनची ताकद वाढवणं तसं म्हणता येत नाही. वॉरंटी असती तर ती गेलीच असती, आणि अपघातानंतर विमा कंपनीने हरकत घेतली तर उत्तर देणं अवघड. त्यावर नाना म्हणाले, ताकद ठेवायची, जबाबदारी माझी. आम्ही ते जॉब कार्डवर लिहून त्यांची सही घेतली.

पुतण्या गाडी न्यायला आला तेव्हा सहाशेपर्यंत जाईल का, असं विचारत होता. जाईल. त्याला अनेक चकत्यांचा कन्व्हर्टर लागेल, वरच्या पॅकचा ड्रम वेगळा करावा लागेल, मग प्रॉपेलर शाफ्ट आणि मागचा डिफरन्शियल, आणि मग ब्रेक. नानांनी मध्येच त्याला किल्ली घेऊन बाहेर पाठवलं.

एक गोष्ट राहिली आहे. सकाळी गार असताना दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना हलका धक्का जाणवतो. कडक घातलेल्या स्प्रिंगचा तो परिणाम आहे आणि ऑइल साठच्या वर गेलं की जातो. नानांना चालतो, म्हणून तसाच ठेवला. ऑइल आणि फिल्टर दर चाळीस हजारांवर बदलायचे, आणि कापसाचा हंगाम चालू असेपर्यंत महिन्यातून एकदा बंपर खोलून जाळी धुवायची, असं ठरलं आहे.